सर विल्यम रॅमसे : हवेतील परक्याचा शोध

पाश्चात्त्य देशांतील काही मोठ्या रुग्णालयांत फुफ्फुसांच्या तपासणीसाठी आलेल्या रुग्णाच्या हाती एक छोटी पिशवी दिली जाते. पिशवीतील वायू नळीवाटे श्वासात ओढून घ्यावयाचा, दहा-पंधरा सेकंद श्वास रोखून धरावयाचा, तेवढ्या अवधीत यंत्राने छातीचे चित्र टिपावयाचे आणि मग श्वास सोडून द्यावयाचा, एवढाच तो विधी. पिशवीतील वायूचे नाव झेनॉन. नेहमीच्या हवेखेरीज दुसरे काही छातीत भरून घ्यावयाचे म्हटले की माणूस बिचकतो, आणि ते स्वाभाविकच आहे. हा वायू निष्क्रिय आहे, असे त्याला सांगितले जाते. परंतु निष्क्रिय म्हणजे निरुपद्रवी का, या प्रश्नाचे उत्तर दिसते तितके सोपे नाही. ते शोधावयाचे तर ज्या माणसाने हा वायू प्रथम हवेतून वेगळा काढला, त्याच्या आयुष्याकडे वळावे लागते. त्या आयुष्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. शिवाय त्याचा एक धागा मुंबईला आणि बंगळुरूलाही येऊन मिळतो.

विल्यम रॅमसे यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५२ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरी झाला. वडील स्थापत्य अभियंता, काका अँड्र्यू रॅमसे नामांकित भूशास्त्रज्ञ. घरातील वातावरण धार्मिक होते आणि मुलाने पुढे धर्मोपदेशक व्हावे, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. त्यासाठी त्याला ग्रीक-लॅटिनचे शिक्षणही दिले गेले. नियतीच्या मनात मात्र निराळेच होते. फुटबॉल खेळताना या मुलाचा पाय मोडला आणि त्याला अंथरुणावर पडून राहावे लागले. वेळ जावा म्हणून त्याने रसायनशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक हाती घेतले, ते केवळ फटाके आणि शोभेची दारू कशी तयार करतात हे कळावे म्हणून. पाय बरा झाला, पण रसायनशास्त्राचा नाद सुटला नाही. ग्लासगो विद्यापीठानंतर तो जर्मनीत गेला आणि ट्यूबिंगेन येथे रुडॉल्फ फिटिग यांच्या हाताखाली १८७२ साली त्याने डॉक्टरेट मिळवली. तेव्हा त्याला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

मायदेशी परतल्यावर काही वर्षे ग्लासगोत साहाय्यक म्हणून काढल्यानंतर १८८० मध्ये रॅमसे ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी त्या संस्थेचे प्राचार्यपदही त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी मार्गारेट ब्युकॅनन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संस्था नवी, पैसा तुटपुंजा; साहजिकच प्रयोगाची साधने स्वतःच बनवावी लागत. काच तापवून, फुंकून हवी तशी उपकरणे घडविण्यात रॅमसे यांचा हात विलक्षण बसलेला होता. पुढे वाटाणाभर वायूवरही त्यांना प्रयोग करता आले, ते या हातकौशल्याच्या जोरावर. १८८७ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे मानाचे पद त्यांच्याकडे चालत आले आणि उरलेली सारी कारकीर्द त्यांनी तेथेच घालवली.

त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. भूल देणारी द्रव्ये मनावर काय परिणाम करतात, याचे रॅमसे यांना कुतूहल होते आणि ते शमविण्यासाठी त्यांनी ईथरसारखी द्रव्ये स्वतः हुंगून पाहिली. शुद्ध हरपण्याच्या सीमेवर मनाची अवस्था कशी होते, हे त्यांनी १८९३ साली लंडनमधील एका अभ्यासमंडळापुढे तपशिलाने मांडले. आज कोणतीही संशोधन संस्था असल्या प्रयोगाला परवानगी देणार नाही. त्या काळी मात्र स्वतःचा देह हीच पहिली प्रयोगशाळा, असे मानणारे शास्त्रज्ञ पुष्कळ होते. अवघ्या पाच वर्षांनी आपल्या हाती येणारा एक वायू हाही भूल देणारा निघेल, याची त्यांना तेव्हा कल्पना असणे शक्यच नव्हते. तो गुण जगाला कळेपर्यंत रॅमसे यांच्या निधनालाही दोन दशके उलटून गेली होती.

रॅमसे यांचे नाव अजरामर करणाऱ्या संशोधनाची सुरुवात वजनातील एका क्षुल्लक फरकातून झाली. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले निरनिराळ्या वायूंची घनता अतिशय काटेकोरपणे मोजत होते. त्यांच्या असे लक्षात आले की हवेतून प्राणवायू वगैरे काढून उरलेला नायट्रोजन हा रासायनिक संयुगापासून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने जड भरतो. दुसऱ्या कोणी ही मोजमापातली चूक म्हणून सोडून दिली असती. रॅले यांनी १८९२ साली हे कोडे जाहीरपणे रसायनशास्त्रज्ञांपुढे ठेवले. एप्रिल १८९४ मधील त्यांचे व्याख्यान ऐकल्यावर रॅमसे यांनी ते सोडविण्याचे मनावर घेतले. तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला नायट्रोजन पुनःपुन्हा नेऊन त्यांनी तो शोषून घेतला. अखेर जो वायू उरला, तो कशाशीही संयोग पावेना. त्याच्या वर्णपटातील रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात. ऑगस्ट १८९४ मध्ये ऑक्सफर्ड येथील सभेत रॅले व रॅमसे यांनी या नव्या वायूची घोषणा केली. ग्रीक भाषेतील आळशी या अर्थाच्या शब्दावरून त्याला अरगॉन असे नाव मिळाले. या संशोधनाला अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे १० हजार डॉलरचे हॉजकिन्स पारितोषिकही लाभले.

आपण जो श्वास घेतो त्याचा जवळजवळ एक टक्का भाग अरगॉनचा असतो. इतकी शतके माणूस तो घेत आणि सोडत आला, पण त्याचा कोणाला पत्ता लागला नव्हता. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ साली हवेचा असाच एक चिमुकला, न विरघळणारा बुडबुडा पाहिला होता, पण त्याचा अर्थ लावण्याची साधने तेव्हा नव्हती. शास्त्रीय जगताने अरगॉनचे स्वागत मात्र जरा साशंकतेनेच केले. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत त्याला जागाच नव्हती. खुद्द सारणीचे जनक मेंडेलीव्ह यांनाही तो नायट्रोजनचाच एखादा प्रकार असावा, असे वाटत होते. रॅमसे यांनी मात्र उलटा तर्क केला. एक वायू सारणीत बसत नसेल, तर त्याचे एक अख्खे कुटुंबच असले पाहिजे आणि त्या कुटुंबासाठी सारणीत नवा स्तंभ मांडला पाहिजे.

या कुटुंबातील दुसरा सदस्य १८९५ च्या मार्च महिन्यात सापडला. युरेनियमयुक्त खनिजे तापवली असता एक निष्क्रिय वायू बाहेर पडतो, असे अमेरिकेतील हिलेब्रँड यांना दिसले होते. त्यांना तो नायट्रोजन वाटला. तो अरगॉन असेल या आशेने रॅमसे यांनी क्लेव्हाइट नावाच्या खनिजातून तो काढला आणि वर्णपटदर्शकातून पाहिले, तर एक झळझळीत पिवळी रेषा दिसली. ती सोडियमची नव्हती, सूर्यप्रकाशात दिसलेल्या हेलियमची होती.

हेलियमचे नाव निघाले की मराठी वाचकाला विजयदुर्ग आठवतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून दख्खन ओलांडून पूर्व किनाऱ्याकडे गेला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन यांनी गुंटूरहून त्या ग्रहणाचे वेध घेतले. इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ग्रहणाविनाच लंडनहून सूर्याच्या कडेवरील ती पिवळी रेषा टिपली. लॉकियर विजयदुर्गावर आले ते पुढे ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. या दोन ग्रहणांची पुष्कळदा गल्लत केली जाते. विजयदुर्गाचा मान त्यामुळे कमी होत नाही. १८ ऑगस्टला तेथे हेलियमची आठवण आवर्जून जागवली जाते. मात्र सूर्यावरचा हा पाहुणा प्रथम पृथ्वीवर प्रत्यक्ष सापडला, तो रॅमसे यांच्या काचेच्या नळीत, हे लक्षात ठेवले पाहिजे.

लॉकियर विजयदुर्गाहून परतले, त्याच १८९८ सालच्या उन्हाळ्यात लंडनमध्ये रॅमसे आणि त्यांचे अवघ्या २६ वर्षांचे साहाय्यक मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्या हाती मोठेच घबाड लागले. हवा अतिशीत करून तिचा द्रव बनविण्याची यंत्रे तेव्हा नुकतीच निघाली होती. द्रवरूप हवा सावकाश उकळू द्यावी आणि तिच्यातील निरनिराळे घटक आपापल्या उत्कलनबिंदूंनुसार वेगळे करावेत, अशी ही युक्ती. मे महिन्याच्या अखेरीस त्यांना क्रिप्टॉन, म्हणजे लपलेला वायू मिळाला. जूनमध्ये तांबूस-भगव्या तेजाने झळाळणारा निऑन, म्हणजे नवा वायू सापडला. हे नाव रॅमसे यांच्या शाळकरी मुलाच्या सूचनेवरून आले, असे सांगतात. जुलैमध्ये क्रिप्टॉनच्या शुद्धीकरणानंतर तळाशी एक लहानसा बुडबुडा उरला. त्यात विद्युत्प्रवाह सोडताच सुंदर निळा प्रकाश पडला. हा आतापर्यंतचा सर्वांत जड आणि सर्वांत दुर्मीळ वायू होता. त्याला त्यांनी परका या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून झेनॉन असे नाव दिले.

झेनॉन किती दुर्मीळ आहे, याची कल्पना आकड्यांवरून येईल. हवेच्या सुमारे १ कोटी १५ लाख भागांत झेनॉनचा एक भाग असतो. म्हणजे एक लिटर झेनॉन मिळवावयाचा तर एक कोटीहून अधिक लिटर हवा गाळावी लागते. तो हवेच्या सुमारे साडेचार पट जड असतो आणि उणे १०८ अंश सेल्सिअसला उकळतो. रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांच्याजवळ त्याचा साठा इतका अल्प होता की, त्याचे वजन आणि वर्णपट यापलीकडे जाणे शक्य नव्हते. ईथर हुंगून पाहणाऱ्या रॅमसे यांना आपल्याच वायूचा श्वास घेऊन पाहण्याइतका तो कधी मिळालाच नाही.

याच सुमारास मुंबईत एका वेगळ्या स्वप्नाची आखणी चालली होती. हिंदुस्थानात विज्ञानाच्या उच्च संशोधनासाठी एक विद्यापीठ असावे, या ध्यासाने जमशेटजी टाटा यांनी मुंबईतील आपल्या इमारती व जमिनी देऊ केल्या होत्या. त्यांचे विश्वासू सहकारी बरजोरजी पादशाह हे या योजनेचा पाठपुरावा करीत होते. १८९८ च्या अखेरीस ही योजना नवे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्यापुढे ठेवण्यात आली, पण कर्झन यांचा प्रतिसाद थंडच होता. अशा वेळी एखाद्या जगन्मान्य शास्त्रज्ञाचे मत घ्यावे, असे ठरून रॅमसे यांना पाचारण करण्यात आले. १९०० च्या अखेरीस ते सपत्नीक हिंदुस्थानात आले आणि सुमारे दहा आठवडे त्यांनी देशभर प्रवास केला. या संस्थेसाठी बंगलोर ही जागा योग्य ठरेल, असा अभिप्राय त्यांनी दिला. तेथील हवामान अनुकूल होते आणि म्हैसूर संस्थान मदतीला तयार होते. संस्था मुंबईच्या पैशातून उभी राहायची होती, तरी ती मुंबईत झाली नाही, यात रॅमसे यांच्या या शिफारशीचा वाटा होता.

त्यानंतरही पुष्कळ चर्चा, समित्या आणि सरकारी दिरंगाई झाली. जमशेटजींचे १९०४ साली निधन झाले. संस्था स्थापन झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अखेर १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था रीतसर अस्तित्वात आली आणि १९११ मध्ये विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली. तिचे पहिले संचालक होते मॉरिस ट्रॅव्हर्स, म्हणजे झेनॉनचा तो निळा प्रकाश रॅमसे यांच्याबरोबर पाहणारे त्यांचे तरुण सहकारी. १९१४ पर्यंत ते या पदावर होते. पुढे वृद्धापकाळी, १९५६ साली, त्यांनी आपल्या गुरूचे विस्तृत चरित्र लिहून ऋण फेडले.

रॅमसे यांच्यावर मानसन्मानांचा वर्षाव होत होता. १९०२ मध्ये ते सर विल्यम झाले. १९०४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हा बहुमान मिळवणारे ते पहिले ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ. त्याच वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल लॉर्ड रॅले यांना मिळाले. वजनातील अर्ध्या टक्क्याच्या फरकाने दोघांनाही स्टॉकहोमला नेले, असे म्हणावयास हरकत नाही. आवर्तसारणीत एक संपूर्ण नवा स्तंभ घालण्याचे भाग्य दुसऱ्या कोणा शास्त्रज्ञाच्या वाट्याला आलेले नाही.

परंतु याच काळात त्यांच्या कामाने एक धोकादायक वळण घेतले. रेडियमचा शोध लागला होता आणि रेडियममधून सतत एक वायू बाहेर पडतो, हे ठाऊक झाले होते. आज आपण त्याला रेडॉन म्हणतो. १९०३ मध्ये रॅमसे आणि फ्रेडरिक सॉडी यांनी या वायूतून हेलियम निर्माण होतो हे दाखवून दिले. एका मूलद्रव्यापासून दुसरे मूलद्रव्य जन्मताना माणसाने प्रत्यक्ष पाहिले, ते या प्रयोगात. १९१० मध्ये रॉबर्ट व्हिटलॉ-ग्रे यांच्यासमवेत त्यांनी एका घन मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतक्या रेडॉनचे वजन खास तयार केलेल्या सूक्ष्म तराजूवर केले. रेडॉन हाही निष्क्रिय वायूंच्या कुटुंबातलाच आहे, हे त्यावरून सिद्ध झाले.

मोठ्या माणसाच्या हातूनही चूक होते, तशी ती रॅमसे यांच्या हातून झाली. रेडॉनच्या प्रभावाने तांब्यापासून लिथियम तयार होते, असा दावा त्यांनी १९०७ मध्ये केला. मेरी क्युरी आणि एलेन ग्लेडिच यांनी पुढच्याच वर्षी अधिक शुद्ध साधने वापरून तो खोडून काढला. लिथियम आले होते ते भांड्यांतून, तांब्यातून नव्हे. ज्यांची ख्याती अत्यल्प द्रव्य अचूक ओळखण्याबद्दल होती, त्यांना अत्यल्प अशुद्धीनेच चकवले.

याहून मोठी किंमत मात्र कदाचित त्यांच्या शरीराने मोजली. किरणोत्साराचे दुष्परिणाम तेव्हा पुरते उमगलेले नव्हते. रेडियम आणि रेडॉन हाताळताना आजच्यासारखी संरक्षक साधने नसत. हवेशीर, बंदिस्त कपाटे नव्हती, मापनयंत्रे नव्हती, मर्यादा ठरवणारे नियम नव्हते. १९१३ च्या सुमारास निवृत्त होऊन रॅमसे बकिंगहॅमशायरमधील हेझलमिअर या गावी राहावयास गेले. महायुद्ध सुरू होताच ते युद्धकार्यात उतरले. ज्या जर्मनीत त्यांचे शिक्षण झाले, तिचेच ते कडवे विरोधक बनले. स्फोटकांना लागणारा कापूस शत्रूला मिळू नये, यासाठी त्यांनी आग्रह धरला. १९१५ मध्ये त्यांच्या नाकातील कर्करोग उघड झाला. शस्त्रक्रिया झाली, पण गुण आला नाही. २३ जुलै १९१६ रोजी वयाच्या ६४ व्या वर्षात त्यांचे निधन झाले. हा रोग किरणोत्सारी वायूमुळेच झाला, असे सिद्ध झालेले नाही. पण ज्या वायूवर त्यांनी कित्येक वर्षे काम केले, तो रेडॉन श्वासावाटे दीर्घकाळ शरीरात गेल्यास फुफ्फुसांचा कर्करोग होतो, हे आज निर्विवाद आहे. एकाच कुटुंबातील भावंडांपैकी कोणी रोगनिदानाला हातभार लावतो, तर कोणी रोगच देतो. निष्क्रिय या एका विशेषणावर विसंबून चालत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

झेनॉनचे भाग्य उजळले ते रॅमसे यांच्यानंतर. १९३९ मध्ये अमेरिकी नौदलातील डॉक्टर अल्बर्ट बेंके हे खोल पाण्यात जाणाऱ्या पाणबुड्यांना नशा का चढते, याचा अभ्यास करीत होते. त्यावरून झेनॉन हा भूल देणारा वायू असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९४६ मध्ये उंदरांवर तो पडताळून पाहण्यात आला आणि १९५१ मध्ये आयोवा येथे कलेन आणि ग्रॉस यांनी माणसांवरील शस्त्रक्रियेसाठी तो यशस्वीपणे वापरला. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचे पहिले रासायनिक संयुग तयार केले आणि हा वायू कधीच कशाशी संयोग पावत नाही, हा समजही इतिहासजमा झाला.

शरीरात मात्र झेनॉन असा संयोग पावत नाही. त्याचे काम वेगळ्या रीतीने होते. तो चरबीत आणि मज्जातंतूंच्या आवरणांत सहज विरघळतो, आणि मेंदूतील काही ग्राहकांचे काम तात्पुरते थोपवतो. श्वासातील हवेत साठ ते सत्तर टक्के झेनॉन असेल तर माणूस बेशुद्ध होतो. याउलट रक्तात तो फारच थोडा विरघळतो. त्यामुळे श्वास थांबवताच तो झपाट्याने फुफ्फुसांवाटे निघून जातो, आणि यकृताला किंवा मूत्रपिंडाला त्याची विल्हेवाट लावावी लागत नाही. त्याच्या वैद्यकीय उपयोगाचे आणि दुष्परिणामांचेही मर्म या दोन गुणांत आहे.

निदानासाठी झेनॉन तीन रीतींनी वापरला गेला आहे आणि प्रत्येकीचा धोका वेगळा आहे. पहिली रीत किरणोत्सारी झेनॉन-१३३ ची. जर्मनीत क्निपिंग यांनी १९५५ मध्ये हिचा फुफ्फुसांसाठी वापर केला. रुग्ण हा वायू श्वासात घेतो आणि हवा फुफ्फुसाच्या कोणत्या भागात पोहोचते, हे बाहेरचा कॅमेरा टिपतो. रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे का, हे ठरवण्यास त्याची मदत होते. यातील वायूचे वस्तुमान इतके नगण्य असते की भूल, गुंगी असा परिणाम संभवत नाही. प्रश्न असतो तो केवळ किरणोत्साराचा. त्याची मात्रा साधारणपणे एक मिलिसिव्हर्टहून कमी असते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. अर्धायुष्य जेमतेम सव्वापाच दिवसांचे आणि मुक्काम काही मिनिटांचा, त्यामुळे रुग्णाला धोका थोडा असतो. काळजी घ्यावी लागते ती खोलीची आणि तेथे रोज काम करणाऱ्यांची. नळ्यांतून गळती होऊ नये, उच्छ्वासातील वायू कोळशाच्या सापळ्यात अडवावा, खोलीतील हवा बाहेरच्या दालनात जाऊ नये, हे नियम त्यासाठीच आहेत. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आपली अवस्था डॉक्टरांना आधी सांगितली पाहिजे.

दुसरी रीत साध्या, किरणोत्सारी नसलेल्या झेनॉनची. तो क्ष-किरणांना अडवतो. म्हणून प्राणवायूत सुमारे तीस टक्के झेनॉन मिसळून रुग्णाला काही मिनिटे श्वासावाटे दिला आणि मेंदूचे सीटी स्कॅन काढले की मेंदूच्या कोणत्या भागाला किती रक्तपुरवठा होतो, ते कळते. मात्र हे प्रमाण भूल देणाऱ्या मात्रेच्या जवळजवळ निम्मे झाले. त्यामुळे गुंगी, हातापायांना मुंग्या, चक्कर, डोकेदुखी, मळमळ हे परिणाम दिसतात. तोंडावर मुखवटा असताना उलटी होणे धोक्याचे असते. काही रुग्णांचा श्वास क्षणभर थांबतो. तेव्हा त्यांना श्वास घेण्याची आठवण करून द्यावी लागते. डोक्याला गंभीर इजा झालेल्यांच्या कवटीतील दाब वाढण्याची भीतीही व्यक्त झाली. म्हणून ही तपासणी रुग्णाला एकटे सोडून करावयाची नसते.

तिसरी रीत अलीकडची. झेनॉन-१२९ हा स्थिर समस्थानिक लेसर प्रकाशाच्या साह्याने अशा अवस्थेत आणला जातो की एमआरआय यंत्राला तो हजारो पटींनी ठळक दिसावा. १९९४ मध्ये उंदराच्या फुफ्फुसांची अशी प्रतिमा प्रसिद्ध झाली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारा वर्षे आणि त्यावरील रुग्णांसाठी हिला मान्यता दिली. यात किरणोत्सार नाही. फुफ्फुसात हवा कोठे जाते, एवढेच नव्हे तर वायू तेथून रक्तात कसा शिरतो, हेही दिसते. म्हणूनच कोविडमधून बरे होऊनही धाप लागणाऱ्या रुग्णांच्या अभ्यासात २०२१ मध्ये तिचा उपयोग झाला. यातील परिणाम म्हणजे घसा दुखणे, डोके दुखणे आणि चक्कर. ते बहुधा सौम्य आणि अल्पकाळचे असतात. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट एकच. त्या पिशवीत प्राणवायू नसतो. ती छातीत भरून श्वास रोखला की रक्तातील प्राणवायूचे प्रमाण थोडा वेळ घसरते. निरोगी माणसाला त्याचे काही वाटणार नाही. पण ज्याची फुफ्फुसे आधीच दुबळी आहेत, त्याच्या बोटावर मापक लावून ठेवावा लागतो आणि प्राणवायू हाताशी ठेवावा लागतो. वायू जड असल्याने अरुंद झालेल्या श्वासनलिकांना तो ओढून घेताना अधिक कष्टही पडतात.

तेव्हा निष्क्रिय म्हणजे निरुपद्रवी का, या प्रश्नाचे उत्तर असे की, झेनॉन विषारी नाही, पण निष्प्रभावही नाही. त्याची मात्रा किती, तो किती वेळ घ्यावयाचा, त्याच्या जोडीला प्राणवायू आहे की नाही आणि शेजारी जाणता माणूस आहे की नाही, यावर सारे अवलंबून आहे. रुग्णाने दमा, हृदयविकार, गर्भावस्था, पूर्वीची डोक्याची दुखापत यांविषयी आधीच सांगावे आणि तपासणी चालू असताना चक्कर किंवा गुदमरल्यासारखे वाटल्यास संकोच न करता खूण करावी. ही काळजी रुग्णालयाच्या चार भिंतींत घेता येते, त्याबाहेर नाही. सहनशक्ती वाढावी म्हणून खेळाडू तो वापरू लागले, तेव्हा २०१४ मध्ये उत्तेजकविरोधी जागतिक संघटनेला त्यावर बंदी घालावी लागली. २०२५ मध्ये काही गिर्यारोहकांनी एव्हरेस्ट मोहिमेच्या तयारीसाठी झेनॉन घेतला, तेव्हाही गिर्यारोहण आणि वैद्यक या दोन्ही क्षेत्रांत वाद उठला.

ज्या ग्रीक शब्दावरून झेनॉनचे नाव पडले, त्याचे दोन अर्थ आहेत. परका आणि पाहुणा. रॅमसे यांनी पहिला अर्थ मनात धरला होता. वैद्यकाने त्याला दुसऱ्या अर्थाने घरात घेतले. हा पाहुणा शरीरात येतो, आतले चित्र उजेडात आणतो आणि काही न नेता परत जातो. त्याची नीट विचारपूस केली आणि त्याला फार काळ थांबवून घेतले नाही, की त्याच्यापासून त्रास होत नाही. हवेतील अर्ध्या टक्क्याच्या फरकाकडे दुर्लक्ष न करणाऱ्या विल्यम रॅमसे यांच्या आयुष्याचे सारही काही वेगळे नाही. जे दिसत नाही ते नाही, असे समजू नये आणि जे स्वस्थ दिसते ते निर्धोक, असेही मानू नये. झेनॉनचा श्वास घेणाऱ्या रुग्णाला रॅमसे यांचे नाव बहुधा ठाऊकही नसते. पण पिशवी हाती देण्यापूर्वी त्याच्या बोटाला मापक लावला जातो, तेव्हा ती सावधगिरी एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या पिढीने फार किंमत मोजून शिकवलेली असते.